मिश्र टाकीतला व्हाइट स्पॉट: दोन चुकलेल्या मात्रा आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

माशांची टाकी वर्षभर सुरळीत चाललेली. बाहेरून मापं ९० × ३८ × ४५ सेंटिमीटर, तळाशी पाच सेंटिमीटर बारीक खडी, एक मोठं लाकूड, काही दगड, बाहेर बसवलेला कॅनिस्टर फिल्टर. माशांत १२ निऑन टेट्रा, ६ कोरीडोरास, ड्वार्फ गुरामीची एक जोडी; शिवाय ८ अमानो कोळंब्या, काही नेराइट गोगलगायी. झाडांत व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न आणि अनुबियास. पाणी २५ अंशांवर, पीएच ७.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. या टाकीत चार नवे प्लॅटी मासे आणल्या दिवशीच थेट सोडले गेले. हा दिवस शून्य.

पाचव्या दिवशी एका प्लॅटीच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे तीन-चार पांढरे ठिपके दिसले. मासा लाकडाला अंग घासत होता. सहाव्या दिवशी दोन निऑनच्या परांवरही तेच. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, असं धरलं. त्या संध्याकाळी औषधाची बाटली उघडली गेली आणि आठव्या दिवशी सकाळपर्यंत दोन निऑन आणि पाच कोळंब्या मेल्या होत्या. त्यांच्या मरणात रोगाचा वाटा थोडा आणि उपचाराचा मोठा होता, म्हणून हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे.

पहिले अठ्ठेचाळीस तास

औषध मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मालिनचं मिश्रण होतं. बाटलीवरची मात्रा: २० लिटरला १ मि.ली., ४८ तासांनी २५ टक्के पाणी बदलून पुन्हा तेवढीच. टाकीची बाहेरची मापं गुणून १५४ लिटर आले, त्यानुसार ७.७ मि.ली. औषध एकदम पृष्ठभागावर ओतलं गेलं. 'उष्णतेनं व्हाइट स्पॉट जातो' हे माहीत असल्यानं हीटर त्याच वेळी २५ वरून ३१ वर नेला. सातव्या दिवशी सकाळी पाण्याचा हिरवट-निळा रंग पूर्ण गेलेला. फिल्टर उघडला तेव्हा आत अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी होती, तिनं रात्रीतून बरंचसं औषध शोषलं होतं. पिशवी काढली आणि संध्याकाळी पुन्हा ७.७ मि.ली. टाकलं, पाणी न बदलता.

आठव्या दिवशी सकाळी कोरीडोरास सतत वर येऊन हवा घेत होते, गुरामी पृष्ठभागाला चिकटून, निऑन फिल्टरच्या पाण्याच्या झोताजवळ गोळा झालेले. लाकडामागे मेलेल्या कोळंब्या. पाणी दुधट. टेस्ट किटवर अमोनिया १ मि.ग्रॅ. प्रति लिटर, नायट्राइट ०.५.

यात एकच चूक असती तर बहुतेक निभावलं असतं. इथे चार चुका एकमेकींवर चढल्या.

पहिली चूक पाण्याच्या हिशेबाची. काच, खडी, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर टाकीत १५४ लिटर पाणी नव्हतंच. आतली मापं ८८ × ३६, आणि खडीच्या वरच्या थरापासून पाण्याच्या पातळीपर्यंत ३७ सेंटिमीटर, म्हणजे ११७ लिटर. खडीतल्या पोकळ्यांतलं पाणी साधारण ६ लिटर (खडीच्या आकारमानाच्या सुमारे ४० टक्के धरायचं). लाकूड-दगडांनी व्यापलेले ६ लिटर वजा आणि कॅनिस्टरमधले ३ लिटर मिळवले की १२० लिटर. म्हणजे मात्रा ६ मि.ली. हवी होती. ७.७ मि.ली. म्हणजे जवळपास २८ टक्के जास्त, आणि ही पूर्ण मात्रा धरून. टेट्रा आणि कोरीडोरास या दोघांनाही मॅलेकाइट ग्रीन कमी सोसतं आणि अशा माशांसाठी बहुतेक बाटल्यांवर अर्धी मात्रा सांगितलेली असते. इथे त्यांना अर्ध्याच्या अडीचपट मिळाली.

दुसरी चूक, आणि आमच्या मते सगळ्यांत घातक, उष्णता आणि औषध एकत्र देण्याची. पाणी तापलं की मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मालिन दोन्हींचं विषारीपण वाढतं. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मि.ग्रॅ., ३१ ला ७.४. फॉर्मालिन स्वतः प्राणवायू खातं. मत्स्यशेतीच्या तळ्यांसाठी ठोकताळा असा आहे की दर ५ मि.ग्रॅ. फॉर्मालिनमागे दीड दिवसात लिटरभर पाण्यातला १ मि.ग्रॅ. प्राणवायू जातो. व्हाइट स्पॉटचा परजीवी कल्ल्यांतही घर करतो, त्यामुळे ज्या माशाला आधीच नीट श्वास घेता येत नाही त्याच्या पाण्यातली हवा आपण काढून घेतो. शिवाय उष्णतेनं अमोनियाही जास्त जहाल होतो. पीएच ७.४ ला एकूण अमोनियाचा विषारी भाग २५ अंशांवर १.४ टक्के असतो, ३१ अंशांवर २.१ टक्के. किटवर दिसलेल्या १ मि.ग्रॅ. मागे तो भाग ०.०२ च्या पुढे गेला, आणि दीर्घकाळासाठी सुरक्षित मर्यादा म्हणून धरतात ती साधारण हीच.

तिसरी कार्बनची. कार्बन आत असताना दिलेली मात्रा किती उरली हे कळायला मार्ग नसतो. रंग गेला म्हणजे औषध संपलं असं समजून दुसरी मात्रा पूर्ण दिली, पण फॉर्मालिनला रंगच नसतो. मॅलेकाइट ग्रीनचा रंग जाणं हे फॉर्मालिन गेल्याची खूण नव्हे.

चौथी चूक कोळंब्यांना विसरण्याची. औषध माशाला दिलं जात नाही, पाण्याला दिलं जातं. त्या पाण्यात जे जे जगतं त्या सगळ्यांना मात्रा मिळते: कोळंबी, गोगलगाय, झाडं आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू. कोळंब्या मेल्या, लाकडामागे कुजल्या, जिवाणू दबले, अमोनिया चढला.

त्या सकाळी काय केलं

औषध थांबवलं. मेलेल्या कोळंब्या मोजून काढल्या. मोजणं महत्त्वाचं, कारण एखादी आत राहिली तर अमोनिया चढतच राहतो. निम्मं पाणी बदललं, नवं पाणी बादलीत आधी क्लोरीनमुक्त करून आणि टाकीच्या तापमानाला आणून. ताजं कार्बन फिल्टरमध्ये, दोन एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) पूर्ण जोरात. हीटर तीन टप्प्यांत दिवसभरात २८ वर आणला. घाबरून थेट थंड पाणी ओतलं असतं तर तापमानाच्या धक्क्यानं आणखी मासे गेले असते. खाणं बंद. नवव्या दिवशी पुन्हा ४० टक्के पाणी बदललं, अमोनिया ०.२५ वर आला आणि मासे पृष्ठभाग सोडून खाली उतरले.

खरंच व्हाइट स्पॉट होता का?

हा प्रश्न सहाव्या दिवशी, बाटली उघडण्याआधी विचारायला हवा होता. तो नवव्या दिवशी विचारला, पण विचारला हे बरं झालं. पांढऱ्या ठिपक्यांचे रोग बरेच आहेत आणि त्यांची औषधं वेगळी.

इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या परजीवीचे ठिपके बारीक असतात, जास्तीत जास्त एक मिलिमीटर, आकारानं सारखे, अंगावर आणि परांवर दोन्हीकडे. कण कातडीच्या आत बसलेला असतो, त्यामुळे वर पापुद्र्याचा पातळ थर असतो. खात्रीची खूण म्हणजे ठिपके जागा बदलतात: आज शेपटीवर होते ते उद्या नाहीत, नवे पाठीवर. एपिस्टायलिस या एकपेशीय जीवाचे डाग लहानमोठे, वर उठलेले, किंचित लोकरीसारखे असतात आणि डोळ्यांवरही दिसतात. त्यामागे बहुधा घाण पाणी आणि जिवाणूंचा संसर्ग असतो. व्हेल्व्हेट या रोगाची पूड या कणांहून बारीक, सोनेरी-पिवळसर. दिवा बंद करून बाजूनं टॉर्च मारला की चमकते. लिम्फोसिस्टिस फुलकोबीच्या तुऱ्यासारखा, आठवडे एकाच जागी हळूहळू वाढणारा. तो विषाणूचा आहे आणि त्यावर कुठलीच बाटली चालत नाही.

सूक्ष्मदर्शक असेल तर शंकाच उरत नाही. परावरचा चिकट स्राव काचपट्टीवर घेऊन शंभरपट मोठा करून पाहिला की गोलसर, हळूहळू फिरणारी पेशी आणि तिच्यात घोड्याच्या नालासारखं केंद्रक दिसतं. या टाकीत सूक्ष्मदर्शक नव्हता. पाचव्या, सहाव्या आणि नवव्या दिवसांचे फोटो शेजारी ठेवले, ठिपक्यांच्या जागा बदललेल्या होत्या, कण सारखे होते, डोळे स्वच्छ होते. एवढ्यावर निदान पक्कं धरलं.

प्लॅटी दुकानात निरोगी दिसत होते, यात नवल नाही. आधी संसर्ग होऊन गेलेल्या माशात थोडी प्रतिकारशक्ती येते आणि परजीवी कल्ल्यांत तुरळक राहू शकतो. बाहेर एकही ठिपका दिसत नाही. प्रवासाचा ताण पडला की तो उचल खातो.

ठिपक्यावर औषध का चालत नाही

व्हाइट स्पॉटचे बहुतेक उपचार एका गैरसमजापायी फसतात, म्हणून इथे थांबायला हवं. दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा परजीवी. तो तिथे असेपर्यंत पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, काही वेळात खडीला, पानाला, फिल्टरच्या स्पंजला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकातून शेकडो पिल्लं निघतात. हीच पिल्लं पोहत माशाचा शोध घेतात, एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्यांना.

यातून तीन गोष्टी येतात. औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढले तर औषध हरलं असं नव्हे. कातडीखाली आधीच शिरलेले आता दिसण्याइतके मोठे झालेत, एवढंच. ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवायचं नाही, कारण त्या क्षणी परजीवी तळाशी कवचात आहेत. आणि तिसरी, जिच्यावर पुढचा सगळा बेत उभा राहिला: हा परजीवी माशाशिवाय जगत नाही. कोळंबी, गोगलगाय आणि झाड त्याला चालत नाही. टाकीतून मासे काढले तर ती टाकी औषधाचा थेंबही न टाकता स्वच्छ होते.

म्हणून मुख्य टाकीवर औषध करायचंच नाही असं ठरलं. मासे बाहेर काढायचे, कोळंब्या, गोगलगायी आणि झाडं जागच्या जागी. तांबं असलेलं औषध मिश्र टाकीत कधीच नको, ते कोळंब्यांना मारतं, हलक्या (कमी क्षारांच्या) पाण्यात माशांनाही बाधतं, आणि खडीत मुरून राहतं. मीठ लिटरला २-३ ग्रॅम परजीवीवर चालतं, पण तेवढं मीठ आठवडाभर कोरीडोरास आणि व्हॅलिस्नेरियाला जड जातं. प्रतिजैविकांचा या परजीवीशी संबंध नाही.

उपचाराची टाकी

पाण्याची आतली मापं ५० × २८ × २५, म्हणजे ३५ लिटर. स्पंज, हीटर आणि पाइपचे तुकडे वजा जाता ३४ लिटर. तळाला खडी नाही: कवचातले परजीवी काचेवरून ओढून काढता यावेत आणि औषध खडीत मुरू नये म्हणून. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, त्यात मुख्य फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा तुकडा. हीटर २८ वर, थर्मामीटर वेगळा. लपायला पीव्हीसीचे तुकडे. तीन बाजूंना कापड, दिवा बंद. अंधारानं मासे शांत राहतात आणि मॅलेकाइट ग्रीन उजेडात विरतं तेही टिकतं. जाळी, सायफनची नळी, बादली सगळं वेगळं, कारण ओल्या जाळीवरून परजीवी सहज परततो.

२२ मासे ३४ लिटरमध्ये म्हणजे गर्दीच. ती फक्त दोन आठवडे आणि रोजच्या पाणी बदलावर निभावते.

मात्रा: ३४ लिटरला पूर्ण १.७ मि.ली., टेट्रा आणि कोरीडोरासमुळे अर्धी, ०.८५ मि.ली. सुई काढलेल्या १ मि.ली. च्या सिरिंजनं मोजली. थेंब मोजून देऊ नये, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. टाकीतलंच २०० मि.ली. पाणी मगात घेऊन त्यात औषध मिसळायचं आणि दहा मिनिटांत थोडं थोडं बुडबुड्यांपाशी सोडायचं. पहिल्या मात्रेनंतर तासभर माशांकडे बघत बसायचं. कल्ले भराभर चालले किंवा मासा कलंडला तर निम्मं पाणी लगेच बदलायचं. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची. फॉर्मालिन असलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरायची नाही. तो साका पॅराफॉर्माल्डिहाइडचा असतो, माशांना मूळ औषधाहून जहाल. आणि मॅलेकाइट ग्रीन खाण्यासाठी वाढवलेल्या माशांवर कधीच वापरायचं नसतं.

मात्रा नवव्या, अकराव्या, तेराव्या, पंधराव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या दिवशी, अशा सहा. रोज सकाळी तळ सायफननं ओढून १० लिटर पाणी बदललं. औषधाच्या दिवशी बदलानंतर ठरलेली ०.८५ मि.ली. मधल्या दिवशी फक्त बदललेल्या पाण्यापुरती: १० लिटरला अर्ध्या मात्रेनं ०.२५ मि.ली. हा हिशेब न ठेवता रोज पूर्ण मात्रा देणं म्हणजे पहिल्याच चुकीकडे परत जाणं. ताज्या पाण्यातलं क्लोरीन बादलीतच घालवायचं. कंडिशनर (क्लोरीन घालवणारं द्रव) आणि औषध एकाच वेळी टाकीत ओतू नये.

दहाव्या दिवशी आधीच निस्तेज असलेला एक निऑन मेला. अकराव्या दिवशी ठिपके सगळ्यांत जास्त, कोरीडोरासच्या शेपटीवरही. बेत बदलला नाही. (कोरीडोरासला 'बिनखवल्याचा' म्हणतात ते बरोबर नाही. अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, पण पोट उघडं असतं. औषधाच्या बाबतीत नाजूक धरायचं ते मात्र खरं.)

तेराव्या दिवशी खरी अडचण आली. नायट्राइट ०.५. औषधानं स्पंजमधले जिवाणू मंदावले होते आणि खाणं थोडं जास्त पडत होतं. त्या दिवशी निम्मं पाणी बदललं, चोवीस तास खाणं बंद केलं आणि लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे १७ ग्रॅम मीठ मगभर पाण्यात विरघळवून तीन वेळा विभागून दिलं. हे मीठ परजीवीसाठी नव्हतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, त्यासाठी होतं. एवढं कमी मीठ कोरीडोरासला सोसतं. पुढच्या प्रत्येक १० लिटर बदलाबरोबर ५ ग्रॅम परत. सोळाव्या दिवशी नायट्राइट शून्याजवळ आलं.

शेवटचा ठिपका चौदाव्या दिवशी एका प्लॅटीच्या परावर होता. त्यानंतर पाच दिवस उपचार चालू राहिला. २८ अंशांवर परजीवीचं चक्र साधारण चार दिवसांत पुरं होतं, त्याहून एक दिवस जास्त धरला. थंड पाण्यात हेच चक्र आठवड्यांवर जातं, तेव्हा ही दिवसमोजणी तशीच उचलू नये. एकोणिसाव्या दिवसाच्या मात्रेनंतर दुसऱ्या दिवशी ताजं कार्बन आणि पाणी बदल, मग तीन दिवस नुसतं निरीक्षण.

मासे नसलेली मुख्य टाकी

इकडे मुख्य टाकी २७ अंशांवर चालू होती. पहिले दोन दिवस कार्बन ठेवून उरलेलं औषध काढलं, मग कार्बन फेकलं. दिवसाआड चिमूटभर खाणं, कोळंब्यांसाठी आणि फिल्टरमधल्या जिवाणूंसाठी. त्यांना अमोनिया मिळाला नाही तर मासे परत आल्यावर फिल्टर कमी पडतो. आठवड्यातून दोनदा खडी सायफननं साफ केली. उरलेल्या तीन कोळंब्या आणि गोगलगायी टिकल्या. या तापमानाला टाकी आठवडाभर माशांशिवाय ठेवली तरी बहुधा पुरतं, इथे पूर्ण चौदा दिवस ठेवली, कारण फिल्टरच्या खोबणीत किंवा लाकडाखाली पाणी थोडं थंड असू शकतं.

तेविसाव्या दिवशी मासे परत सोडले. तापमान जुळवलं, तासभर मुख्य टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मासे जाळीनं उचलून घातले. उपचाराचं पाणी मुख्य टाकीत गेलं नाही, त्यात कोळंब्या आहेत. ९ निऑन, ६ कोरीडोरास, २ गुरामी, ४ प्लॅटी. सदतिसाव्या दिवसापर्यंत रोज टॉर्च लावून पाहिलं, ठिपका दिसला नाही. एका प्लॅटीच्या शेपटीची कड थोडी झिजलेली राहिली.

उपचाराची टाकी, नळी आणि जाळी धुऊन उन्हात कडक वाळवली. त्यातला स्पंज औषध लागलेला असल्यानं टाकून दिला. नवा स्पंज एअर पंपाला जोडून मुख्य टाकीच्या मागच्या कोपऱ्यात कायमचा बसवला आहे, म्हणजे पुढचे नवे मासे येतील तेव्हा चार आठवडे वेगळे ठेवायला जिवाणूंनी भरलेला फिल्टर हाताशी असेल.